जानेवारीतली कैरी

धारवाड,
१९ जानेवारी २०२६

ति. पद्माअक्का,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल. यापुढे नेहमी ‘विनंती विशेष’ लिहायचं असतं, ते आज गाळते आहे, कारण मला विनंती करायची नाही, भांडायचं आहे.

फोनवर भांडता येत नाही. भोगीच्या दिवशी तू फोन आपटलास. त्यानंतर मी केला तेव्हा भावोजींनी उचलला आणि ‘ती जरा पडली आहे’ म्हणाले. तू आणि दुपारी पडणार! शिवाय घरून करायचा तर अप्पा शेजारच्या खुर्चीत असतात. माझा आवाज जरा चढला की हात पुढे करून म्हणतात, “कोण आहे? काय म्हणणं आहे त्यांचं?” म्हणून शाळेच्या लायब्ररीत बसून लिहिते आहे. पत्राचा एक फायदा असा, की मध्येच मला तोडून ‘ते राहू दे, आधी माझं ऐक’ असं तुला म्हणता येणार नाही.

तर भोगी. तू व्हिडिओ कॉल केलास आणि सावनीने फोन अप्पांच्या पानासमोर धरला. आमच्या तिघांच्या पानांत भोगीची भाजी, भरली वांगी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. अप्पांच्या पानात भात, मुगाचं वरण, तूप आणि कैरीची मिरी घातलेली चटणी. तू पान नीट न्याहाळलंस. मग म्हणालीस, “श्यामला, सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला हे वाढतेस? आणि जानेवारीत कैरी? म्हणजे मे महिन्यातलं उकरून काढून घालते आहेस त्यांना?” त्यापुढे जे म्हणालीस ते मी लिहीत नाही. कागदावर वाचताना तुलाच लाज वाटेल. माझ्या मुलीसमोर म्हणालीस, एवढंच सांगते. ती संध्याकाळपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही, कारण तिला वाटलं मी तुला उलट उत्तर द्यायला हवं होतं.

शिवाय तेवढ्यावर थांबली नाहीस. हुबळीला गोदामावशीला फोन करून ‘जाऊन बघून ये’ म्हणालीस. बिचारी म्हातारी गुडघे धरत हुबळी-धारवाडच्या त्या चिगरी सिटी बसने आली, चार पुडांचा डबा घेऊन. आपल्या आईची बहीण माझ्या घरी तपासणीला येते, हे मला किती लागलं असेल याचा विचार केलास? आणि ती इथे काय पाहून गेली ते तिने तुला सांगितलं का? नाही ना? मला वाटलंच होतं.

अक्का, ते शाकव्रताचं जेवण आहे. ते तुला पान बघताक्षणी कळायला हवं होतं. पुण्याला गेल्यापासून तुझ्याकडे व्रतं सुटली, म्हणून आठवण करून देते. आषाढी एकादशीपासून श्रावणातल्या एकादशीपर्यंत भाजी नाही, मिरची नाही, चिंच नाही, कोथिंबीर नाही, तुरीची डाळसुद्धा नाही. मूग, उडीद, मिरी, जिरं, आणि आंबट म्हणून कैरी. तूच तर मला हे शिकवलंस. जानेवारीत शाकव्रत कसलं, असं विचारशील. ते पुढे लिहिते. आधी मला तुझ्या फ्रीझरबद्दल बोलायचं आहे.

गुढीपाडव्याला तू तो डीप फ्रीझर पाठवलास. ‘तुझी दगदग कमी होईल, श्यामला.’ हुबळीहून टेम्पोतून आला. चार माणसांनी आडवा केला, उभा केला, कानडीत एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केला, पण स्वयंपाकघराच्या दारातून तो आत जाईना. शेवटी पुढच्या खोलीत ठेवला. तेव्हापासून येणारा जाणारा त्याच्यावर पिशवी ठेवतो. अप्पांकडे वकिली सल्ल्याला आलेला एक पक्षकार परवा त्यावर बसला. झाकण उघडायचं तर आधी माणूस उठवावा लागतो.

त्याच्या मागोमाग तुझे निरोप सुरू झाले. रविवारी बसून आठवड्याचा बेत कर. भाज्या निवडून, चिरून, पाकिटं भर. पाकिटावर तारीख घाल. तो तक्ताही तूच पाठवलास आणि सावनीने तो फ्रिजला चिकटवला: सोमवारी पालक, मंगळवारी कडधान्य, बुधवारी काहीतरी ‘हलकं’. अक्का, तुझ्या तक्त्यात एकच कुटुंब जेवतं. माझ्याकडे तीन जेवतात. अप्पांचं वेगळं. ह्यांना साखर निघाली आहे म्हणून ह्यांचं वेगळं, ते निमूट खातात आणि संध्याकाळी फिरायला म्हणून जाऊन कोपऱ्यावर चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊन येतात. सावनीला प्रत्येक घासात प्रोटीन किती ते कळायला हवं असतं. मी मधल्या मध्ये जे उरेल ते खाते, उभ्यानेच.

आणि मटार! तू मला मटारांवरून बोललीस ते मी विसरलेले नाही. ‘उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकायचे, मग भरायचे, इतकी साधी गोष्ट तुला जमत नाही, म्हणून पिवळे पडतात.’ जमते, अक्का. आमच्या तिघांचे मटार मी तसेच करते आणि ते हिरवेगार राहतात. तुला दाखवले ते अप्पांचे होते. उकळत्या पाण्यातून काढलेलं म्हणजे शिजवलेलं. शिजवलेलं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवलेलं म्हणजे शिळं. मे महिन्यात शिजवून जानेवारीत वाढलेल्याला अप्पा काय म्हणतील ते तुझं तूच ठरव. म्हणून त्यांचं सगळं मी कच्चंच भरते. लाल भोपळ्याच्या फोडी, गवार मोडून, खवलेला नारळ, सोललेले पावटे. पाणी नाही, मीठ नाही, सोवळ्यात चिरलेलं. फोडी आधी ताटात पसरून गोठवायच्या आणि मग पाकिटात घालायच्या, म्हणजे एकमेकींना चिकटत नाहीत. हे मी स्वतः शोधून काढलं, तुझ्या व्हिडिओत नव्हतं. मटार मात्र कच्चे भरले की दोन महिन्यांत पिवळे पडतात, चामट होतात. पडू देत. पानावर बसल्यावर अप्पा अजून विचारतात, “हे कधी शिजवलं?” आणि मी म्हणू शकते, “आत्ता, अप्पा. तुमच्या आंघोळीनंतर.” खरं तेच सांगते.

कैरीचं म्हणशील तर ती तुझीच करणी. दरवर्षी मी मे महिन्यात व्रतापुरत्या चार-सहा कैऱ्या ठेवायची. या वेळी तू म्हणालीस, एवढा मोठा फ्रीझर आहे, भरून ठेव. मी मंगळवारच्या बाजारातून पोतं भरून आणलं. भाजीवाली म्हणाली, “येन्री अक्कार, उप्पिनकायी अंगडी इडतीरेन?” लोणच्याचं दुकान टाकताय का म्हणून. मी हसले. तीन वर्षं पुरतील असं मला वाटलं होतं.

आता एकच पाकीट उरलं आहे.

अप्पांची तब्येत ठीक आहे. वजन थोडं उतरलं आहे, पण झोप चांगली लागते. सकाळी पेपर वाचतात. दाढी स्वतः करतात. तुला काळजी करण्यासारखं

घंटा झाली. आठवीचा तास आहे. उद्या पुरं करते.

२१ जानेवारी

काल लिहायला झालं नाही. पत्र पर्समध्ये होतं. आज डबा खाताना काढून वाचलं, तर त्यात नुसते मटारच मटार. इतकं भांडून मी तुला काहीच सांगितलेलं नाही. वाक्यही अर्धंच सोडलं आहे. घंटा झाली हे खरं आहे, पण घंटा झाली म्हणून मला बरंही वाटलं.

अप्पा विसरत चालले आहेत, अक्का.

लिहिलं एकदाचं. हुबळीच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी चित्रं दाखवून काय काय समजावलं, गोळ्या दिल्या. बरं होण्यातलं नाही, हळूहळू वाढेल, जपा म्हणाले. अप्पा बाहेर आल्यावर मला म्हणाले, “डॉक्टर हुशार आहे, पण उलटतपासणीत टिकणार नाही.”

सुरुवात श्रावणात झाली. शाकव्रताची समाप्ती दरवर्षीसारखी नीट झाली. आपल्या गल्लीतले गुरुराजाचार आले, सुपात भाज्या मांडून अप्पांनी शाकदान केलं, वर दक्षिणा ठेवली, दुपारी गवार-भोपळ्याची भाजी मागून मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी पडवळ वाढलं तर पान मागे सारून म्हणाले, “शाकव्रत चालू आहे ना गे? भान कुठाय तुझं?” मला वाटलं चेष्टा करतायत. तिसऱ्या दिवशी तेच. गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं. अप्पांच्यापुरता आषाढ काही संपेना. पुढे दधिव्रतात दही खाल्लं, क्षीरव्रतात दूध प्यायले, द्विदळाच्या महिन्यात मूग खाल्ला. ज्या माणसाने आयुष्यात एक व्रत मोडलं नाही, त्याने एका व्रतापायी बाकीची तिन्ही मोडली, आणि मी काही बोलू शकले नाही.

बोलले नाही असं नाही. पंचांग काढून समोर ठेवलं. मला म्हणाले, “हे कुठल्या साली छापलंय?” वर्ष दाखवलं. “मूळ प्रत आहे की झेरॉक्स?” मी म्हटलं, अप्पा, दारात तुळशीचं लग्न लागलं, तुम्ही अक्षता टाकल्यात. “साक्षी एल्लि?” मी ह्यांना साक्षीदार म्हणून उभं केलं. ह्यांच्याकडे बघून म्हणाले, “जावई आहेत. हितसंबंधी साक्षीदार.” एक दिवस मी ओरडले, अक्का. फार वाईट ओरडले. तीन-तीन स्वयंपाक करून, शाळा करून, मी त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसावर ओरडले, “संपलं व्रत! कधीच संपलं! खा मुकाट्याने!” ते घाबरले. माझ्यापासून खुर्ची सरकवली. मग हळूच म्हणाले, “पद्मा आली की विचारू. तिला माहीत असतं.”

ते तुलाच माहीत असणार. आई गेली तेव्हा मी पाचवीत होते आणि तू कॉलेज सोडून चुलीपुढे बसलीस. तुझं लग्न होईपर्यंत ‘अप्पा, आज समाप्ती, आज भाजी’ हे तूच सांगायचीस. आधी आई सांगायची, मग तू. मी या घरात तीस वर्षं भाजी करते आहे, पण व्रत संपल्याचं सांगायचा अधिकार माझ्याकडे कधी आलाच नाही बहुतेक. मलाही तूच वाढवलंस, तूच भरवलंस. म्हणून तर तू भोगीला जे बोललीस ते इतकं लागलं.

आणि तुझी आठवण काढणाऱ्या अप्पांना तू फोनवर ओळखू येत नाहीस, हेही सांगूनच टाकते. तू दर वेळी म्हणतेस, ‘आवाज किती खणखणीत आहे अप्पांचा!’ आहेच. पण ते तुला काय म्हणतात ते कधी ऐकलंस? “बोला, बोला. कसं काय? पाऊसपाणी?” अक्का, अप्पांनी तुला कधी अहो-जाहो केलं आहे? दिवाळीला तुला म्हणाले, “काळजी करू नका, तुमची बाजू भक्कम आहे.” तू केवढी हसलीस. ते गंमत करत नव्हते. फोनवर बोलणारी बाई म्हणजे पक्षकार, एवढंच त्यांना उमगतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू इतकी खूश होतीस, आणि मला वाटलं, आजचा दिवस राहू दे. असे किती दिवस राहू दिले कोण जाणे. अजून कोर्टातली माणसं त्यांना जुनी कलमं विचारायला येतात आणि ती त्यांना धडाधड येतात. त्या माणसांसमोर मी महिना, वार असलं काही निघू देत नाही. निघालं की चहा घेऊन मध्ये जाते. घरात चहा फार होतो हल्ली.

आता खरं सांगायचं ते.

मी ओरडले त्याच्या दुसऱ्या सकाळी मी फ्रीझरमधून गवारीचं पाकीट काढून उभी होते. अप्पांनी पेपर खाली केला. चेहरा एकदम उजळला. म्हणाले, “पद्मा! कधी आलीस गे?”

मी तोंड उघडलं होतं नाही म्हणायला. खरंच उघडलं होतं. पण हातात ते गार पाकीट, डोक्यात आदल्या दिवशीचा राग, आणि समोर महिनोन्‌महिने मुगावर काढलेला माणूस. मी म्हटलं, “आत्ताच आले, अप्पा.”

“बरं झालं. ही पोरं काहीबाही सांगतात. व्रत संपलं का?”

“संपलं, अप्पा. आज समाप्ती.”

एका शब्दाने उठले, आंघोळीला गेले. पंचांग नाही, साक्षीदार नाही, काही नाही. मला इतका राग आला तुझा! मी इतके दिवस जीव आटवते आहे आणि तुझं नुसतं नाव घेतलं की माणूस आंघोळीला जातो.

तेव्हापासून आमच्याकडे आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा शाकव्रत संपतं. दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरू होतं. कुठल्या दिवशी ते पेपर खाली करून मला पद्मा म्हणतील सांगता येत नाही, म्हणून सगळ्या भाज्या चिरून तयार लागतात. माझ्या पाकिटांवर तारीख नसते, ‘अ’ लिहिलेलं असतं, अप्पांचं म्हणून. तुझा आठवड्याचा बेत मी का पाळत नाही ते कळलं? अप्पांचा बेत मला सकाळी कळतो. शाकदानाशिवाय ते पानावर बसत नाहीत, तेव्हा गुरुराजाचारांना बोलावणं जातं. ते पहिल्यांदा कचरले, मग येऊ लागले. पण त्यांच्या घरी भोपळ्यांची रास झाली. त्यांची सून रूपा मागच्या दाराने भोपळा परत आणून देते आणि म्हणते, “दानाचा नव्हे हां काकू, हा माझ्याकडून.” महिनाभर एकच भोपळा दोन घरांत फिरतो आहे. आता हसू नकोस. बरं, हस.

आणि आता भोगी. त्या दिवशी सकाळीच त्यांनी मला पद्मा म्हटलं होतं. मी देवाचे आभार मानले. शाकदान झालं. भोगीची भाजी त्यांच्या पानात मी सगळ्यांत आधी वाढली होती, अक्का. वांगंही फोडून दिलं होतं. पहिला घास हातात होता, आणि तुझा फोन आला. सावनी आतून ओरडत आली, “पद्मामावशीचा व्हिडिओ कॉल!”

अप्पांचा हात तिथेच थांबला. त्यांनी सावनीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “पद्मा तिकडे आहे. मग ही कोण?”

घास पानात टाकून त्यांनी पान सरकवलं. मला म्हणाले, “बाई, तुम्ही कोण? माझं व्रत का मोडताय?” हे तुला ऐकू गेलं नाही, कारण ह्यांनी झटकन फोन घेतला आणि तुझ्याशी तिळगुळाचं बोलत बाहेर गेले. तेवढ्यात मी ते पान उचललं आणि दुसरं वाढून आणलं, मुगाचं. ते मी रोज करूनच ठेवते. फोन फिरून अप्पांसमोर आला तेव्हा तुला दिसलं ते हे दुसरं पान. पुढचं तुला माहीत आहे.

दोन दिवसांनी गोदामावशी डबा घेऊन आली. अप्पा तिला म्हणाले, “गोदे, तू तरी? शाकव्रतात भाजी आणतेस?” ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आत येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, डबा तसाच घेतला आणि गेली. तिने तुला काही सांगितलं नाही, कारण ते मीच सांगायचं आहे, असं ती म्हणाली.

अजून एक गोष्ट आहे. ती लिहू की नको असं चाललं आहे. शिपाई दोनदा लायब्ररी बंद करायची का विचारून गेला.

ज्या दिवशी मी पहिल्यांदा पद्मा झाले, त्या दिवशी अप्पा गवार-भोपळ्याची भाजी पोटभर जेवले. माझा राग काही गेला नव्हता. मी ताक वाढत होते तर म्हणाले, “श्यामला कुठाय?”

मी म्हटलं, “शाळेत गेली आहे.”

“तिच्यापुरती भाजी काढून ठेव. वाटीत. भोपळ्याच्या फोडी जास्त घाल. गवार ती बाजूला काढते.” मी उभीच राहिले तर म्हणाले, “आत्ता काढ, माझ्यासमोर. मागाहून उरत नाही. ती धाकटी आहे, मागत नाही.”

मी अजून गवार बाजूला काढते, अक्का. माझ्या नवऱ्यालाही ते लक्षात आलेलं नाही.

दर वेळी असंच होतं. व्रत संपतं, जेवतात, आणि वाटी काढायला लावतात. झाकण ठेवलं की नाही तेही बघतात. मग मी ती वाटी आत नेते आणि ओट्यापाशी उभी राहून खाते. ते शाळेतून येणाऱ्या श्यामलाची वाट बघतात, आणि मी त्यांच्यासमोर उभी असते. मी श्यामला आहे म्हणून सांगावं तर व्रत संपत नाही. न सांगावं तर ते रोज विचारतात, अजून कशी आली नाही ही पोरगी. एकदा तर गेटपर्यंत बघायला गेले.

शिळं मात्र मी त्यांना कधी वाढलेलं नाही. महिन्याचं खोटं बोलले, तुझ्या नावाचं खोटं बोलले. ते एक राखलं आहे. आता त्यांना कळणारही नाही, तरी राखलं आहे.

आता मला काय हवं ते ऐक. तुझा तक्ता नको. दुसरा फ्रीझर नको. तुझ्याकडे पुण्याला न्यायचं तर मुळीच नको, या घरात त्यांना न्हाणीघर तरी सापडतं. आणि व्हिडिओ कॉल तर इतक्यात करूच नकोस, नाहीतर पुन्हा पान मागे सारतील. तू स्वतः ये. भावोजींना चार दिवस त्यांचं त्यांना करू दे.

तू आलीस की काय होईल याची मला भीती वाटते, हेही लिहिते. तू खरी पद्मा. तुला बघून त्यांनी मला पुन्हा ‘बाई, तुम्ही कोण’ म्हटलं, तर मी या घरात कोण म्हणून वाढायचं? म्हणूनच इतके महिने तुला बोलावलं नाही. तुझ्यावर रागावून राहणं त्यापेक्षा सोपं होतं.

पण त्यांना तुझंच पटतं. तेव्हा असं कर. आल्या आल्या चहाही घेऊ नकोस. मला हाताला धरून अप्पांसमोर बसव आणि तुझ्या त्या मोठ्या आवाजात सांग, ‘अप्पा, श्यामला आली आहे शाळेतून.’ दुसऱ्या सकाळी विसरतील. विसरू देत. एक दिवस मला ती वाटी त्यांच्यासमोर बसून खायची आहे.

वरती लिहिलं होतं की विनंती करायची नाही. तो राग होता. विनंती विशेष एवढीच, की कैरीचं शेवटचं पाकीट संपायच्या आत ये.

तुझीच,
गवार बाजूला काढणारी
श्यामला